गादी सरकलीय, पायात कळ जातेय: कशानंतर काय करायचं ते क्रमाने

"रिपोर्ट पाठवलाय, बघून सांगा ऑपरेशन लागेल का" असा मेसेज येतो आणि सोबत एमआरआयचे तिरके काढलेले चार फोटो. पाय कुठपर्यंत दुखतोय, टाचेवर चालता येतंय का, लघवी नीट होतेय का, यातलं एक वाक्यही त्यात नसतं. आम्हा फिजिओ लोकांना हे रोजचंच. कमरेच्या गादीच्या दुखण्यात लोक उपचार चुकीचे घेतात असं फारसं नसतं, ते क्रम चुकवतात. पहिल्याच आठवड्यात एमआरआय, तो वाचून घाबरून महिनाभर अंथरूण, मग कंटाळून मोबाईलवर बघून जोरात व्यायाम, त्याने पायातली कळ वाढली की कुणीतरी सांगितलेला हाडवैद्य, आणि जे पहिल्या दिवशी बघायला हवं होतं ते दोन महिन्यांनी. म्हणून इथे टप्प्याटप्प्याने लिहितोय, पुढचा टप्पा आधी वाचायचा मोह झाला तरी पहिला सोडू नका.

हे सगळं कमरेच्या मणक्यांबद्दल आहे. मानेच्या गादीचं वेगळं असतं, आणि मान दुखतेय तसंच बटणं लावताना हाताची बोटं अडखळतायत किंवा चालताना तोल जातोय असं असेल तर हे वाचत न बसता डॉक्टरकडे जा.

## आत नक्की काय झालेलं असतं

मणक्याच्या दोन हाडांमध्ये एक गादी असते, आत मऊ गर आणि बाहेर चिवट थरांचं कडं. हे कडं मागच्या बाजूने विरतं, फाटतं आणि पोळी लाटताना एखाद्या जागी पुरण बाहेर यावं तसा गर बाहेर येतो. तिथेच मागे पायात उतरणाऱ्या नसा असतात. नस दोन कारणांनी दुखते, एक म्हणजे दाब आणि दुसरं म्हणजे गर लागल्यामुळे नसेला आलेली सूज, आणि सुरुवातीच्या असह्य दिवसांत सुजेचा वाटा बराच मोठा असतो. सूज काही आठवड्यांत उतरायला लागते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, पुन्हा केलेल्या एमआरआयच्या अभ्यासांत साधारण दोन तृतीयांश लोकांमध्ये तो कमी झालेला किंवा गेलेला दिसतो, आणि गंमत म्हणजे मोठा, तुटून बाहेर पडलेला तुकडा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त लवकर शोषला जातो. तेव्हा रिपोर्टवर "मोठी" लिहिलंय म्हणून हातपाय गाळू नका.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. बाहेरून दाबून, ओढून, लाथ मारून आत ढकलता येईल असं तिथे काही नसतं. पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायची आपल्याकडची जुनी पद्धत, साध्या उसणीला हौस म्हणून हळूच कुणी पाय टेकवला तर टेकवला, पण पायात कळ जात असताना कुणालाही पाठीवर पाय द्यायला किंवा कंबर कटकन मोडायला देऊ नका.

## टप्पा १: आधी धोक्याच्या खुणा बघा, आजच

हे दोन मिनिटांचं काम आहे. खालचं काहीही असेल तर घरी थांबायचं नाही, सकाळची ओपीडी उघडायची वाटही बघायची नाही, मणक्याचं ऑपरेशन होतं अशा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं:

- लघवी लागलेली कळत नाही, लागली तरी सुटत नाही, किंवा नकळत गळते. शौचावरचा ताबा गेलाय.
- जांघेत, गुप्तांगाजवळ, संडासच्या जागेभोवती बधिर वाटतंय. शौचानंतर धुताना हात लागलेला कळतो का, हा सगळ्यात सोपा प्रश्न.
- दोन्ही पायांत एकदम कळ, मुंग्या किंवा कमजोरी आलीय.
- पाऊल लटकायला लागलंय, चप्पल पायातून निसटते, किंवा पायातली ताकद दिवसागणिक कमी होतेय.

पहिल्या तीन खुणांमध्ये खाली जाणाऱ्या नसांचा सगळा जुडगाच दाबला गेलेला असू शकतो. त्यात तास मोजायचे असतात. ऑपरेशन लवकर, साधारणपणे ४८ तासांच्या आत झालं तर लघवीचा ताबा परत यायची शक्यता चांगली असते, उशीर झाला तर तो कायमचा जाऊ शकतो. लोक लाजतात, विशेषतः बायका घरात सांगत नाहीत, आणि डॉक्टरही कधी कधी विचारायचं विसरतात, तेव्हा स्वतःहून सांगा.

दुसरी यादी तितकी तातडीची नाही पण एक-दोन दिवसांत डॉक्टर हवाच अशी: ताप येतोय, वजन उतरतंय, रात्री पडल्यावरही पाठ ठणकत राहते, पूर्वी कॅन्सर झाला होता, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालंय, किंवा बरीच वर्षं स्टेरॉइड चालू आहेत. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो, संध्याकाळचा बारीक ताप, भूक नाही आणि एकाच जागी दुखणारी पाठ, हे "गादी सरकलीय" म्हणून महिनोन्महिने शेकत बसलेले लोक मी पाहिलेत.

⚠ गोळ्यांमुळे किंवा त्रासामुळे बद्धकोष्ठता होणं वेगळं आणि संवेदनाच जाणं वेगळं. शंका असेल तर जा, खोटा धोका निघाला तर बरंच आहे.

## टप्पा २: दुखणं कुठून कुठे जातंय त्याचा नकाशा काढा

डॉक्टरकडे जायच्या आधीच एक कागद घ्या, पायाचं ओबडधोबड चित्र काढा, आणि कळ कुठे, मुंग्या कुठे, बधिर कुठे ते रंगवा. खरं सांगतो, एमआरआयपेक्षा हा कागद जास्त बोलतो. तारीख टाका, कारण पुढे सहा आठवडे याच्याशीच तुलना करायचीय.

कमरेतल्या दहापैकी नऊपेक्षा जास्त केसेस सगळ्यात खालच्या दोन गाद्यांच्या असतात. कमरेच्या मणक्यांना वरून खाली एल-१ ते एल-५ म्हणतात, त्यांच्या खालच्या हाडाला एस-१, आणि नसांनाही हीच नावं. एल-४ एल-५ च्या मधली गादी सहसा एल-५ नस दाबते, त्यात कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वर, अंगठ्याकडे येते. एल-५ एस-१ ची गादी एस-१ नस दाबते, मग पोटरीच्या मागून टाच, तळवा आणि करंगळीच्या बाजूला. मांडीच्या पुढच्या भागात आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला असेल तर वरची नस. फक्त कंबर आणि कुल्ला दुखतोय, गुडघ्याखाली काहीच नाही, तर नस दाबली असायची शक्यता बरीच कमी, आणि ही तशी आनंदाची बातमी.

आता ताकद बघायची, भिंतीजवळ उभं राहून आणि कुणीतरी सोबत असताना:

१. टाचांवर दहा पावलं चाला. एका पायाचा चवडा खाली पडतोय का?
२. दुखऱ्या पायाच्या चवड्यावर एकट्याने उभं राहून टाच वर-खाली करा, दहा वेळा. मग चांगल्या पायाने. फरक किती?
३. दोन्ही पायांचे अंगठे वर ओढा, कुणाला तरी बोटाने खाली दाबायला सांगा. एक लगेच पडतो का?
४. सरळ पाठीवर झोपा, दुसऱ्याने टाच धरून पाय सरळ ठेवून हळूहळू उचलायचा. साधारण ३० ते ७० अंशांच्या मधे गुडघ्याखाली करंट गेला तर नस चिडलीय. नुसतं मांडीच्या मागे ताणलं तर ते स्नायूचंही असतं.

पहिल्या तीन ताकदीच्या चाचण्यांपैकी एखादीत ठळक फरक असेल तर डॉक्टरची भेट आजच, आणि तो पाय दोन दिवसांत आणखी ढिला पडला तर टप्पा १.

थांबा, हे गादीचंच आहे ना? साठीच्या पुढचा माणूस, थोडं चाललं की पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की लगेच बरं वाटतं, याला बहुतेक वेळा मणक्यातली जागा अरुंद झालेली असते, त्याचे व्यायाम वेगळे. दोन्ही पावलांना मोजे घातल्यासारख्या मुंग्या असतील तर आधी शुगर आणि बी-१२ तपासा. मांडीच्या सांध्याचं दुखणं जांघेत येतं. आणि एका बाजूला पट्ट्यात आग होतेय आणि तीन-चार दिवसांनी पुरळ आलं, तर ती नागीण असते, तिचं औषध लवकर सुरू करावं लागतं.

## टप्पा ३: पहिले दोन-तीन दिवस

पडून राहायचं ते फार तर एक-दोन दिवस आणि तेही सलग नाही. "सक्त बेडरेस्ट, तीन आठवडे" हा सल्ला जुना झाला, त्याने स्नायू गळतात, बद्धकोष्ठता होते, माणूस खचतो आणि नस काही लवकर बरी होत नाही. जमिनीवर किंवा फळीवर झोपायचीही गरज नाही, खड्डा न पडणारी नेहमीची कापसाची गादी चालते.

झोपायच्या दोनच स्थिती लक्षात ठेवा: पाठीवर, गुडघ्यांखाली दोन उशा, किंवा कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मधे उशी. उठताना सरळ झटक्याने उठायचं नाही, आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, मग हाताने स्वतःला ढकला. सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकायचं टाळा, कारण रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते आणि तेव्हा वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. केर, अंथरुणं उचलणं, वाकून रांगोळी, हे सगळं तासानंतर किंवा दुसऱ्या कुणीतरी.

बसणं सगळ्यात त्रासदायक. खाली मांडी घालून जेवायला, खोल सोफ्यात, पाट घेऊन, यातलं काहीही पहिले काही आठवडे नको. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर मेडिकलमधून कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते, आणि इसबगोल, पाणी वगैरेने पोट मऊ ठेवा, कुंथताना कळ टाचेपर्यंत जाते हे ज्याला झालंय त्याला सांगायला नको. शिंक आली तर बसल्या बसल्या पुढे झुकून देऊ नका, उभं राहा, भिंतीला हात टेका, कंबर किंचित मागे.

शेक पंधरा-वीस मिनिटं, कमरेला. बधिर झालेल्या पायाला गरम पिशवी लावायची नाही, कळत नाही आणि भाजतं, शुगरवाल्यांनी तर मुळीच नाही.

चालायचं, सपाटीवर, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी चालतील. वाकडं व्हायला होतंय, एका कुशीला कललाय, तरी चाला, जबरदस्तीने सरळ होऊ नका.

पट्टा? प्रवासात किंवा नाईलाजाने उभं राहायचं असेल तेव्हा तास-दोन तास लावा. रात्रंदिवस महिनाभर पट्टा लावून फिरणारे लोक नंतर पट्टा सोडायलाच घाबरतात.

## टप्पा ४: औषधं, आणि डॉक्टरला काय विचारायचं

औषध डॉक्टरच ठरवणार, मी फक्त काय समजून घ्यायचं ते सांगतो. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच कुळातली, सूज कमी करणारी. मेडिकलवाल्याकडून एक, डॉक्टरकडून दुसरी आणि शेजारच्या काकांची तिसरी अशा तिन्ही चालू असतात आणि मग पोटात रक्तस्राव किंवा किडनीला मार, हे खरंच होतं. ब्लडप्रेशर, किडनी, अल्सर, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यातलं काही असेल तर पहिलं वाक्य तेच सांगा.

चिठ्ठीवर प्रीगाबालिन (नसेच्या दुखण्याची गोळी) आणि मिथाइलकोबालामिन ही जोडगोळी आपल्याकडे जवळपास ठरलेलीच असते. ऑस्ट्रेलियात २०१७ साली सायटिकाच्या, म्हणजे नस चिडून पायात कळ जाणाऱ्या, पेशंटवर प्रीगाबालिनची डमी गोळीशी तुलना झाली, पायाच्या दुखण्यात फायदा दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. काहींना झोप बरी लागते म्हणून डॉक्टर देतात, पण गुंगी असताना गाडी चालवू नका, आणि बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद न करता विचारून कमी करा. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२, कमी असेल तर घ्यायलाच हवं, शाकाहारी घरांत ते बरेचदा कमीच निघतं, पण गादीवर त्याचा काही परिणाम नाही.

ट्रॅक्शन म्हणजे वजनं लावून कंबर ओढणं, मशिनवरचे शेक, लेझर, यांना फार पैसे घालू नका. तात्पुरतं बरं वाटेल, वाटलं तर घ्या, पण चालणं आणि व्यायाम सोडून तेवढंच करत बसलात तर महिना वाया जातो.

तपासणी करून बघा: डॉक्टरने पाय उचलून बघितला का? अंगठ्याची ताकद, गुडघ्यावर-टाचेवर हातोडी, बोटाने-टाचणीने संवेदना? यातलं काहीही न करता थेट एमआरआयची चिठ्ठी मिळाली असेल तर स्वतःच विचारा की आधी पाय तपासाल का.

## टप्पा ५: एमआरआय कधी, आणि रिपोर्ट कसा वाचायचा

धोक्याच्या खुणा असतील तर लगेच. ताकद कमी होत असेल तर लगेच. नसतील तर पहिले सहा आठवडे थांबायला हरकत नाही, कारण तेव्हा रिपोर्टमध्ये काहीही आलं तरी उपचार तेच राहतात. एक्स-रेमध्ये गादी दिसतच नाही, तो फ्रॅक्चर किंवा हाडाचं काही वेगळं बघायला. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर एमआरआयच्या आधीच सांगा.

आता रिपोर्ट. ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मध्ये आढावा घेतला गेला, त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांमध्ये गादीचा फुगवटा दिसला आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये. गादीची झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६. म्हणजे चाळिशीच्या माणसाच्या रिपोर्टवर "मल्टिपल डिस्क बल्जेस, डेसिकेशन" असं लिहून आलं तर ते केस पांढरे झालेत असं लिहिल्यासारखंच आहे. डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी कमी झालं. बल्ज म्हणजे चहूबाजूंनी फुगवटा. प्रोट्रूजन म्हणजे एका जागी पुढे आलेली. एक्स्ट्रूजन म्हणजे कडं फाटून गर बाहेर. सिक्वेस्ट्रेशन म्हणजे तुकडा सुटा झाला.

रिपोर्ट हातात आला की फक्त एवढं करा: टप्पा २ मधला नकाशा शेजारी ठेवा. उजव्या पायाच्या करंगळीकडे कळ आहे आणि रिपोर्टवर एल-५ एस-१ ला उजवीकडे नस दाबलीय, तर जुळलं. डावीकडे दाबलीय आणि दुखतोय उजवा, तर त्या ओळीला काही अर्थ नाही, आणि त्या ओळीवरून कुणी ऑपरेशन सांगत असेल तर दुसऱ्या सर्जनला दाखवा.

## टप्पा ६: व्यायाम, आणि याचा क्रम सगळ्यात जास्त चुकतो

नियम एकच आणि तो पाठ करा. कळ पायातून वर सरकली तर व्यायाम बरोबर, खाली सरकली तर चूक. पाऊल दुखत होतं ते पोटरीवर आलं, पोटरीवरचं कुल्ल्यावर आलं, तर चांगलं चाललंय, मग भले कंबर पहिल्यापेक्षा जास्त दुखू दे. नेमकं इथेच लोक फसतात, कंबरदुखी वाढली म्हणून घाबरून चांगला व्यायाम सोडतात आणि उलट मांडी ताणणाऱ्या व्यायामाने "मोकळं वाटलं" म्हणून तोच करत बसतात आणि संध्याकाळी पाऊल बधिर.

अ. पालथं. पोटावर झोपा, हात बाजूला, दोन-तीन मिनिटं. सुरुवातीला हेही जमत नसेल तर पोटाखाली उशी घ्या आणि रोज पातळ करत न्या. ज्यांना मकरासन माहीत आहे त्यांनी तसंच समजा.

ब. कोपरांवर. पालथं जमलं आणि पायातली कळ वाढली नाही तरच. कोपरं खांद्यांखाली, कंबर सैल सोडून, दोन मिनिटं.

क. हातांवर. तळहात टेकून छाती वर, कंबर आणि कुल्ले जमिनीवरच लोंबते ठेवायचे, दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. भुजंगासनासारखं दिसतं पण इथे पाठीच्या ताकदीने उठायचं नाही, हातांनी ढकलायचं.

प्रत्येक पायरीवर दोन दिवस द्या. करताना पायात कळ खाली गेली किंवा नंतर अर्धा तास वाढलेलीच राहिली तर एक पायरी मागे. मागे वाकल्यानेच पायातली कळ वाढतेय असेही काही पेशंट असतात, वर सांगितलेले साठीपुढचे तर नक्कीच, त्यांनी हे जबरदस्तीने करू नका, फिजिओला प्रत्यक्ष दाखवा.

⚠ या काळात बंद: पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, सूर्यनमस्कार, उठाबशा, पोटाचे क्रंचेस, जिममधली लेग प्रेस, आणि "शिरा आखडल्यात म्हणून" पाय उचलून टॉवेलने ओढणं. मांडीच्या मागे जे आखडलेलं वाटतं ती बरेचदा सुजलेली नस असते, तिला ताणलं की ती आणखी चिडते. योगाच्या क्लासला परत जायचंच असेल तर पुढे वाकायची आसनं निदान तीन महिने बाजूला ठेवा, बाईंना आधीच सांगून.

ड. पोट-पाठ पक्की करणं. कळ गुडघ्याच्या वर आली आणि तुम्ही सलग पंधरा-वीस मिनिटं चालू शकता, मग हे. तीन पुरेत. पाठीवर झोपून एक गुडघा वाकवून, हात कमरेखाली ठेवून डोकं-खांदे अगदी थोडे उचलायचे. कुशीवर झोपून गुडघे वाकवून कोपरावर कंबर उचलायची. आणि हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात-डावा पाय, मग उलट. प्रत्येकी आठ-दहा सेकंद धरून सोडायचं, थोडे थोडे. मिनिटभर थरथरत प्लँक धरण्यात काही मर्दुमकी नाही.

इ. वाकायला शिकणं. पाठीला एक काठी लावा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्हीला लागलेली, आणि कुल्ले मागे ढकलत खुब्यातून वाका, काठी सुटता कामा नये. हे दिवसातून काही वेळा, आरशासमोर. कंटाळवाणं आहे, आणि सगळे हेच सोडतात.

आठवड्याची तपासणी: दर रविवारी नवा नकाशा, टाचेवर चालणं, चवड्यावर दहा उठाव, आणि न थांबता किती मिनिटं चालता येतं. दुखणं दहापैकी किती हा आकडा झोप आणि मूडप्रमाणे बदलतो, त्याच्यावर फार जाऊ नका. मुंग्या आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी जातात, कधी कधी काही महिने, ताकद ठीक असेल तर त्याची चिंता नको.

## टप्पा ७: सहा आठवडे झाले, आता?

बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत बराच सुधारतो. नकाशा वर सरकत असेल तर तेच चालू ठेवा. जागचा हलत नसेल, झोप नाही, काम बंद, तर पुढचा विचार करायचा.

इंजेक्शन: मणक्यात नसेजवळ स्टेरॉइड देतात. सूज उतरून काही आठवडे आराम मिळू शकतो, तेवढ्यात व्यायाम पुढे नेता येतो, कायमचा इलाज म्हणून घेऊ नका. डायबेटिस असेल तर पुढचे काही दिवस शुगर वाढते, रोज तपासा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

ऑपरेशन: कुणाला लागतं? टप्पा १ वाल्यांना, ताकद जात चाललेल्यांना, आणि सहा-आठ आठवडे नीट उपचार करूनही पायाची कळ असह्य असलेल्यांना, ज्यांचा नकाशा आणि एमआरआय जुळतो. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते बारा आठवडे जबर सायटिका असलेल्यांपैकी निम्म्यांना लवकर ऑपरेशन आणि निम्म्यांना आधी थांबून, लागलंच तर ऑपरेशन, असं केलं. ऑपरेशनवाले लवकर बरे झाले, पण वर्षानंतर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना त्या वर्षात शेवटी ऑपरेशन लागलं. म्हणजे धोक्याची खूण नसेल तर हा निर्णय तुमचा असतो, किती सहन होतंय, घरात कमावणारे कोण, रजा किती, यावर. "आत्ता नाही केलं तर पांगळे व्हाल" असं कुणी म्हटलं तर कुठली ताकद कमी झालीय ते दाखवा म्हणायचं. आणि उलट "ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणालाच खिळतो" हे गावगप्पांतलं, साध्या मायक्रोडिस्केक्टॉमीनंतर, म्हणजे छोट्या चिरेतून बाहेर आलेला तुकडा काढल्यावर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात.

सर्जनला विचारायचे प्रश्न: माझ्या पायाच्या कुठल्या लक्षणासाठी करताय? फक्त बाहेर आलेला तुकडा काढणार की स्क्रू-रॉडही घालणार, आणि घालणार तर का? पहिल्यांदाच सरकलेल्या साध्या गादीला सहसा स्क्रू लागत नाहीत, मणका डगमगत असेल तर गोष्ट वेगळी. आणि ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं, नुसत्या कंबरदुखीसाठी त्याचा भरवसा नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

⚠ ऑपरेशननंतर ताप, जखमेतून पाणी, किंवा गेलेली कळ पुन्हा पायात, तर फिजिओकडे नाही, सर्जनकडे. त्याच जागी पुन्हा गर बाहेर येणं काही टक्के लोकांत होतं, म्हणून पहिले सहा आठवडे वजन आणि वाकणं जपा.

## टप्पा ८: कामावर परत

पूर्ण बरं होऊन मग कामावर, असं ठरवलं तर कामावर जाणंच होत नाही. ऑफिसवाल्यांनी अर्ध्या दिवसापासून सुरू करा, दर वीस-तीस मिनिटांनी उठायचं, फोन उभ्याने घ्यायचा. टू-व्हीलर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे नको, आपल्या रस्त्यांवर तर नकोच, एसटीत मागच्या सीटा सोडून मधल्या भागात बसा, मागचं चाक जिथे उडतं तिथे कंबर उडते. सिगारेट-बिडी चालू असेल तर गादीला मिळणारं पोषण आधीच कमी, त्यात आणखी कमी होतं.

घरातली वजनं मोजून बघा, लोकांना अंदाज नसतो. घरगुती सिलेंडरमध्ये गॅसच १४.२ किलो, टाकीसकट तीसच्या आसपास, तो उचलायचा नाही, तळाच्या कडेवर फिरवत न्यायचा, आणि निदान तीन महिने तेही दुसऱ्याने. पाण्याची बादली अर्धी भरा आणि दोन हातांत दोन अर्ध्या. धुणं आणि कुकर ओट्याच्या उंचीवर आणा. लहान मूल उचलायचं तर आधी स्वतः एका गुडघ्यावर बसा, त्याला अंगाशी घ्या, मग उठा. उचलताना कधीच वळायचं नाही, आधी पावलं वळवा.

शेतात काम असेल तर जास्त अवघड, कारण लावणी, खुरपणी, काढणी सगळंच कमरेतून वाकून, आणि मुकादम काही तुमच्यासाठी थांबत नाही. खुरपणी बसून, मधे मधे उठून दहा-पंधरा पावलं चालत करा, लावणीला तो हंगाम शक्य असेल तर रोपं वाटायचं काम घ्या. पाठीवरचा फवारणी पंप भरला की वीस किलोपर्यंत जातो, अर्धाच भरा, आणि जमिनीवरून उचलून पाठीवर घेऊ नका, बांधावर किंवा ट्रॉलीच्या कडेला ठेवून खांद्यांत अडकवा. त्या दिवशी संध्याकाळी कळ पोटरीपर्यंत उतरली तर दुसऱ्या दिवशी पंप दुसऱ्याकडे द्या आणि टप्पा ६ मधल्या "अ" पासून धरा, आठवडाभरात वर सरकली नाही तर पुन्हा पाय तपासून घ्या.